चातुर्मासात फुकट मिळालेलं कार्यालय

१० मे. बैठकीच्या जागेचा अर्ज भरायला बसले होते. सांगलीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पंपांच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय बैठक व्हायची होती आणि तिची सगळी लिखापढी माझ्याकडे. परदेशातल्या समितीला ऑगस्टच हवा होता, तिकडे तेव्हा सुट्ट्या. प्रायोजकालाही ऑगस्टच सोयीचा. त्याचं मंगल कार्यालय नदीकाठी, आणि चातुर्मासात लग्नं नसतात. हॉल, खोल्या, जेवण सगळं त्याच्याकडून. बदल्यात मंचामागे त्याच्या पंपांच्या दुकानाचा फलक.

अर्जाच्या शेवटी वाक्य होतं : 'ही जागा मुक्कामासाठी सुरक्षित आहे.' खाली सही माझी.

मोठा पूर आला तेव्हा सासूबाईंना घेऊन मी दोन दिवस गच्चीवर काढलेत. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडताना मोजल्यात. अजूनही नळ चालू राहिल्याचा आवाज आला की धावत जाऊन तो बंद करते. आणि हे पाहुणे तळमजल्यावर झोपणार होते.

दुपारी प्रायोजक प्राचार्यांच्या खोलीत आले. मी विचारलं, "तुमच्या भिंतीवर पुराची लाल रेघ होती ना? परवा दिसली नाही."

"आवं मॅडम, परदेशी पाव्हणं येनार, म्हनून आख्खं कार्यालय रंगवून घेतलं. रेघ कशाला ठिवू?"

"आणि पाणी आलं तर?"

"समदे पंपवालेच हायेत की! उपसतील!"

प्राचार्य खो खो हसले. मग मला म्हणाले, "बाई, हे मागे हटले तर बैठक दुसऱ्या शहरात जाईल. सही करून उद्या सकाळी अकराच्या आत समितीला पाठवा." माझं कंत्राट जूनमध्ये संपत होतं आणि ते वाढवणं त्यांच्या हातात होतं. मी मान डोलावली.

घरी दोन भाकऱ्या करपवल्या. नोकरीची भीती होतीच. पण डोळ्यांसमोर येत होती ती अनोळखी माणसं, गच्चीचा जिना कुठे आहे हेही माहीत नसलेली.

११ मे. सकाळी ज्वारीचा डबा घेऊन कार्यालयाशेजारच्या गिरणीत गेले. गिरणीवाल्याने भिंत रंगवली नव्हती. रेघ माझ्या डोक्याच्याही वर हातभर होती. पिशवीतून शिवणाची टेप काढली.

"मोजताय कशाला वो वैनी?" तो स्टुलावर चढत म्हणाला.

"लिहायचंय. नीट धरा."

तिथेच पिशवीतला अर्ज काढून त्यातलं 'सुरक्षित आहे' खोडलं. पाणी किती फूट चढलं होतं ते लिहिलं, ऑगस्ट हा इथे पुराचा महिना आहे हेही लिहिलं आणि सही केली. मोबाईलवर अर्जाचा आणि रेघेचा फोटो काढून दोन्ही समितीला पाठवले. पीठ घरी टाकलं. दहाला प्राचार्यांच्या टेबलावर प्रत ठेवली आणि ते वाचेपर्यंत समोर उभी राहिले. खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.