सल्फ्युरिकला एकास दोन

परभणीच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग सीटखाली सरकवली आणि हळू आवाजात म्हणाले, "तिथं कुणाशी वाद घालू नको, बाई." बीएस्सी केमिस्ट्री करून मी पुण्याजवळच्या चिखलीला नोकरीसाठी निघाले होते. तुम्ही वर्गातल्या चौघी सोडायला आला होतात. आता तुमच्यातल्या दोघी इकडे यायचं म्हणताय, म्हणून लिहिते आहे.

ते प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडावर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायचं वर्कशॉप होतं. लोखंडी पार्ट ॲसिडमध्ये धुवायचे. त्या पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून ॲसिड मारायचं आणि मगच पाणी बाहेर सोडायचं, हे माझं काम. कॉलेजात कंटाळत सोडवलेली मोलची गणितं इथे खरी झाली, याचा केवढा आनंद झाला होता मला! हायड्रोक्लोरिकच्या एका मोलला कॉस्टिकचा एक मोल. समीकरण बॅलन्स केलं की डोस निघायचा, पीएच पेपर हिरवा यायचा, म्हणजे ॲसिड मेलं.

मग शेठनी हायड्रोक्लोरिकऐवजी सल्फ्युरिक आणलं. त्याच्या एका मोलला कॉस्टिकचे दोन मोल लागतात. मी शेठना समीकरण मांडून दाखवलं. वाटलं होतं, त्यांच्या डोक्यावरून जाईल. पण त्यांना लगेच समजलं.

"म्हणजे कॉस्टिक दुप्पट," ते म्हणाले. "नको. डोस आहे तोच ठेवा, मॅडम."

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. पेपर लालच येत राहिला. हे पाणी साठायचं त्या टाकीतला गाळ मंदाताई काढायची. आपल्या हिंगोलीकडचीच. गमबूट घातल्याशिवाय उतरू नको, असं मी तिला बजावायचे. पण तिला दिलेले गमबूट फाटके होते. एका सकाळी ती टाकीतून वर आली तेव्हा पावलांची कातडी सोलवटली होती. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, तिनेच काळजी घेतली नाही.

मी म्हणाले, "कॉस्टिक अर्धंच पडतंय. टाकीत अजून ॲसिड आहे."

मंदाताईचा नवरा तिथेच पॅकिंगला होता. तो खाली बघत म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला मधी पडता. चूक तिचीच हाय."

दुसऱ्या दिवशी वॉचमनने मला गेटवरच थांबवलं. मंदाताईने माझा फोन उचलला नाही. पाय बरे झाल्यावर ती परत त्याच टाकीवर गेल्याचं कळलं. फार राग आला. तिचाही आला, खोटं कशाला बोलू.

आता मी चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे, खोक्यांना स्टिकर लावते. ओव्हरटाइम मिळतो. तुम्ही खुशाल या. फक्त लॅबचं काम मिळेल का, ते मला विचारू नका.

गावी गेले की आई पाहुण्यांना सांगते, "आमची लॅबमधी हाय." मी मान हलवते आणि परतीची गाडी बघायला लागते. इथे चाकणजवळ कुरुळीच्या खोलीत आम्ही तिघी वेगवेगळ्या शिफ्टच्या. जी येते ती आधी झोपते. कुणी कुणाला काही विचारत नाही. सध्या तेच घर.