शाहिरांची पेटी

हसणार नसाल तर सांगते. हसणारच आहात, ठाऊक आहे मला. निदान चहाचा कप तेवढा खाली ठेवा, सतरंजी नवी आहे.

तर तेव्हा मी विद्यापीठाच्या अभिलेखागाराची प्रमुख होते. अभिलेखागार म्हणजे विद्यापीठाचे जुने ठराव, पत्रं, फोटो, लोकांनी दिलेली हस्तलिखितं जपून ठेवायची जागा. शब्द केवढा भारदस्त! प्रत्यक्षात एक लांबोळकी खोली, कपाटांच्या दोन रांगा, दोन सहायक आणि डांबरगोळ्यांचा वास. तो वास माझ्या साड्यांत इतका मुरला होता की मी जिना चढायला लागले की नवरा वरूनच म्हणायचा, "आली का?"

त्या खोलीवर परीक्षा विभागाचा डोळा होता. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला त्यांना जागा हवी होती. एक दिवस कुलगुरूंनी मला बोलावलं.

"बिसेनबाई, लोकांनी मुद्दाम येऊन पाहावं असं काय आहे तुमच्या खोलीत?"

"सर, जुन्या सभांची इतिवृत्तं आहेत."

"त्या सभा चालू होत्या तेव्हाही कुणी ऐकत नव्हतं हो! दोन महिने देतो. काहीतरी दाखवा. नाहीतर खोली परीक्षा विभागाला."

माझी झोप उडाली. दोन महिन्यांत आणू काय? तेवढ्यात एका जुन्या प्रबंधात मला शाहीर डोमाजी रामटेके सापडले. नवेगाव बांधच्या बाजूचा माणूस. गावोगाव फिरून जलसे केले, नाटकं लिहिली, शेकड्यानं गाणी रचली, आणि छापलं काहीच नाही. म्हणजे सगळं हस्तलिखित! कुठे तरी असणारच ना? पोस्टमनकडून, ग्रामपंचायतीकडून करत करत मी त्यांच्या मुलाचा फोन नंबर मिळवला.

आता तो फोन ऐका. लाइन अशी, की पलीकडे कुणी पापड भाजतंय.

"हॅलो, हिरामणजी रामटेके का? मी विद्यापीठातून बोलते. शाहिरांचं काही साहित्य आहे का घरी?"

"साहित्य? बाबाची पेटी हाये न जी!"

पेटी! माझ्या अंगावर काटा आला.

"उघडून पाहिली का कधी?"

"मांगं उघडली होती. उंदरानं एका बाजूनं कुरतडली. तीन पट्ट्या निंगाल्या."

पट्ट्या! डोळ्यांपुढे कागदाच्या चिंध्याच आल्या. "हिरामणजी, त्या पट्ट्या फेकू नका हो!"

"कायले फेकू? कागदात बांधून ठेवल्या."

"आणि आता नीट वाचता येते का?"

"वाजते न जी! भल्ली वाजते! आमची सून रोज सांजच्याला घेऊन बसते."

मी किंचाळायचीच बाकी होते. "रोज? तिला सांगा, हात लावायचा तर हातमोजे घालून!"

पलीकडे बराच वेळ पापड भाजले गेले.

"हातमोजे घालून बोटं कसे चालतीन जी?"

"सावकाश चालवायची!" मी ठणकावलं. तुम्हीच सांगा, इथवर तरी शंका यायला हवी होती की नाही? अहो, मी तिरोड्याची. ही बोली माझ्या मायची. पण डोळ्यांपुढे पिवळी पानं नाचायला लागली की मला कानानं ऐकूच येत नाही.

पेटी विद्यापीठाला द्यायचा शब्द घेऊन फोन ठेवला आणि धावत कुलगुरूंकडे गेले. "सर, दुर्मीळ हस्तलिखितांची पेटी मिळतेय. उंदरानं एक बाजू खाल्लीय, पण मजकूर वाचता येतो. घरची सून रोज वाचते."

कुलगुरू खुर्चीतून उठलेच. "खेड्यातली सून रोज हस्तलिखित वाचते? मीच येतो!"

झालं! मी दोन पत्रकारांना कळवलं. तिथल्या सरपंचांना पत्र धाडलं. विद्यापीठाच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटासाठी जागा मोजून आले. परीक्षा नियंत्रक जिन्यात भेटले, तर त्यांच्याकडे पाहून मी हसलेसुद्धा.

ठरल्या दिवशी निघालो. पुढे कुलगुरूंची गाडी, मागे आमची जीप. जीपमध्ये काय नव्हतं? मऊ ब्रश, मलमलचं कापड, डांबरगोळ्या, हातमोज्यांचे सहा जोड आणि कागदांसाठी खास बनवून घेतलेली चोवीस खोकी. ड्रायव्हर यादवजी आरशातून खोक्यांकडे बघत म्हणाले, "मॅडम, पेटी एक है ना? इतने डिब्बे किसलिए?"

"यादवजी, आप गाड़ी देखिए," मी म्हटलं.

गावात पोचलो तर हिरामणजींच्या अंगणात मांडव! शाळेची पोरं ओळीनं उभी, बाया नव्या लुगड्यांत, आणि मधोमध टेबलावर लाल कापडाखाली झाकलेली शाहिरांची पेटी. हिरामणजी साठीचे, पांढऱ्या सदऱ्यात, हात जोडून पुढे आले. "म्याडम, मोठे उपकार केले. बाबाले कोनीतरी इचारलं."

आकार मला जरा लहान वाटला. म्हटलं, जुनी माणसं, बारीक अक्षर.

मग मला बोलायला सांगितलं. थांबायला नको का माणसानं? मी माइक हातात घेतला आणि सुटले. "मित्रहो, या पेटीत एका शाहिराचा आवाज बंद आहे!"

टाळ्या.

"ही पेटी उघडेल तेव्हा तो आवाज साऱ्या विद्यापीठात घुमेल!"

आणखी टाळ्या. हिरामणजी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. त्यांची सून वनिता मात्र खांबाला टेकून मान खाली घालून उभी होती.

मी हातमोजे चढवले. पत्रकारांनी कॅमेरे सरसावले. मी लाल कापड हलक्या हातानं उचललं...

हार्मोनियम.

मी आधी तिच्या मागे पाहिलं. मग टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथं एक कोंबडी होती.

"हिरामणजी... पेटी?"

"हेच त पेटी, जी."

"आणि हिच्यातले कागद?"

"पेटीत कागद कायले राहीन?" त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पुडी काढून माझ्या हातमोज्यातल्या तळव्यावर ठेवली. "ह्या तीन पट्ट्या. एक काळी, दोन पांढऱ्या. फेकू नोका म्हटलं होतं न तुमी?"

अख्ख्या तिरोड्यात भजनाला पेटी वाजते, माझा सख्खा मामा पेटी वाजवतो, आणि मी चोवीस खोकी घेऊन आले होते! कुलगुरू माझ्याकडे पाहत नव्हते. ते खाली मान घालून खोकत होते, आणि तो खोकला खांद्यापासून हलत होता.

कसेबसे म्हणाले, "थोडी... वाजवून दाखवता का?"

वनिता पुढे आली. माझ्या हातमोज्यांकडे एकदा पाहिलं, खाली बसली आणि भाता ओढला. तीन सूर मुके होते. तिथं ती आवाजानं जागा भरत होती. शाहिरांचं रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं गाणं होतं. चिखलात उभ्या बाईनं बांधावर बसलेल्या मालकाला विचारलेले सवाल. दुसऱ्या कडव्याला अंगणातल्या साऱ्या बाया गायला लागल्या. कुलगुरूंचा खोकला थांबला. मीही हातमोजे काढले आणि ताल धरला, खोटं कशाला बोलू?

गाणं संपल्यावर मी वनिताजवळ बसले. "पेटी न्यायला आलो म्हणून नाराज आहेस का ग?"

"मामाजींनी शब्द देल्ला हाये," ती सासऱ्यांकडे पाहत म्हणाली. "पन विद्यापीठात हिले वाजवन कोन?"

खरंच होतं. आमच्याकडे हात लावायलाच बंदी! उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पेटी याच घरात राहील, आम्ही फक्त गाणी टेपवर भरून नेऊ. वनिता पहिल्यांदा हसली. कुलगुरूंनीही मान डोलावली. मला वाटलं, चला, थोडी तरी लाज राहिली.

इथंच गप्प बसायचं होतं. पण मी विचारलं, "हिरामणजी, शाहिरांच्या लिहिलेल्या वह्या नव्हत्या का हो काही?"

"होत्या न! पोतंभर होत्या."

"मग? कुठे गेल्या?"

हिरामणजी माझ्याकडे पाहतच राहिले. "म्याडम, मजाक करून राह्यल्या का? तुमालेच त देल्ल्या!"

"मला?"

"दोन साल झाले. पोरीच्या डिग्रीच्या कामानं आलो होतो, तवा पोतं घेऊन आलो. तुमी घाईत होत्या. 'तिकडे कोपऱ्यात ठेवा' म्हटलं. मले वाटलं, कागद आवडले म्हनून आता पेटी मांगून राह्यल्या!"

आणि ते आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. पिशवीत वही, वहीत घडी, घडीत पावती. ती माझ्या हातात पोचायच्या आधी कुलगुरूंनी घेतली, चष्मा लावला आणि मांडवाला ऐकू जाईल अशी वाचली, "'जुने कागद, पोतं एक. मिळाले.' खाली सही आहे. बिसेनबाई, ही सही मी रोज पाहतो हो!"

परतीच्या वाटेवर यादवजी सांगितल्याप्रमाणे फक्त गाडीकडे बघत होते. चोवीस रिकामी खोकी मात्र प्रत्येक खड्ड्यात खडखड हसत होती.

पोतं सापडलं का? सापडलं. आम्हा तिघांना तीन आठवडे लागले. सगळ्या वह्या धड होत्या, कारण त्या कोपऱ्यात उंदीरसुद्धा पोचला नव्हता.

आणि खोलीही वाचली बरं का! मला वाटलं, शाहिरांच्या वह्यांमुळे वाचली. मग खोलीची फाइल परत आली. कुलगुरूंनी शेरा मारला होता: "या खोलीत काय काय आहे हे खुद्द विभागप्रमुखांनाही ठाऊक नाही. ते त्यांना कळेपर्यंत इथली एकही वस्तू हलवू नये."