गिरिधर वैरागडेची दोषमुक्त बैठक

गिरिधर वैरागडे खोटं बोलत नाही, याचा सदर नावाच्या वस्तीतल्या आमच्या कंपनीला बावीस वर्षं फार त्रास झाला. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पेशंटची नोंदणी, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्जचे कागद. ते बिघडलं की डॉक्टरांचा फोन यायचा, आणि मालक "तुमचा प्रिंटर बघा" वगैरे गोलमाल सुरू करायच्या आत गिरिधर फोन ओढून घ्यायचा. "चूक आमची हाये डॉक्टरसाहेब. मीच केली. दहा मिनिटं द्या." दहा मिनिटांत काम सुरूही व्हायचं. डॉक्टर मंडळी एवढ्यासाठीच आमच्याकडे टिकली, हे मालकांना कधी कळलं नाही.

गिरिधर सर्व्हर सांभाळायचा. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेला. मशीनच्या नुसत्या घरघरीवरून तिला काय दुखतंय ते सांगायचा. मे महिन्यात ऑफिसातली एकमेव थंड जागा म्हणजे त्याची सर्व्हररूम. आम्ही काहीतरी निमित्त काढून तिथे घुसायचो आणि तो प्रत्येकाला चपला बाहेर काढायला लावायचा. त्याच्या पोटाला वळसा घालून आत जावं लागे, ते वेगळंच.

मग कंपनीत डेव्हऑप्स आलं. मूळ गोष्ट साधी आणि शहाणी. सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते चालवणारे यांनी एकमेकांवर ढकलणं बंद करावं, एकत्र बसावं, रोज छोटे बदल करावेत, चुका उघड सांगाव्यात. आमच्या लोकांनी तिचं भलतंच काहीतरी केलं. सल्लागार म्हणाला, दोन खात्यांमधली भिंत पाडा. मालकांनी मुहूर्त बघून, नारळ फोडून, खरोखरचं प्लायवूडचं पार्टिशन पाडलं. मग 'डेव्हऑप्स विभाग' नावाचं तिसरंच खातं काढलं आणि त्याला बसायला, पाडलेल्या पार्टिशनच्या जागी, काचेची केबिन बांधली. केबिनीत विहंग आला. वय एकतीस, पुण्याहून आयात, हुद्दा 'परिवर्तन प्रमुख'.

सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या यंत्रांवर, गेले. नव्या पद्धतीत सर्व्हर दुरुस्त करत नाहीत. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुना मोडीत काढायचा आणि अनारशांची असते तशा लेखी कृतीवरून ताजा उभा करायचा.

"म्हणजे माणूस शिंकला की त्याले जाळायचं अन् नवा पैदा करायचा," गिरिधर म्हणाला. "बरं हाये."

पण शिकला. बावन्नाव्या वर्षी, अदितीच्या शेजारी खुर्ची टाकून शिकला. अदिती नवी प्रोग्रामर, वर्षभरापूर्वी लागलेली, त्याला काका म्हणणारी.

हाताची सवय तेवढी गेली नाही. एका मंगळवारी तक्रार आली, रिपोर्टची शेवटची ओळ छापली जात नाही. गिरिधरनं चालू सर्व्हरमध्ये शिरून सेटिंग हातानं बदललं. ओळ आली. कृतीत मात्र ते लिहायचं राहिलं. दुपारी नवी आवृत्ती आली, जुना सर्व्हर मोडला आणि गिरिधरची दुरुस्तीही त्याच्याबरोबर गेली. तासभर रिपोर्ट पुन्हा लंगडे.

विहंगनं बैठक बोलावली. "ही दोषमुक्त बैठक आहे. कोणालाही दोष द्यायचा नाही. मोकळेपणानं सांगा, म्हणजे सिस्टिम सुधारता येईल."

बारा जण वह्यांत तारीख लिहू लागले.

"साहेब, मी केलं," गिरिधर म्हणाला. "हातानं बदललं अन् लिहायचं राहून गेलं."

विहंगनं टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

शुक्रवारी एचआरच्या सुरुचीनं, मान वर न करता, गिरिधरला मेमो दिला. 'आपण स्वतः बैठकीत कबूल केल्याप्रमाणे' अशी सुरुवात. तीन दिवसांत लेखी खुलासा करा. पुढील आदेशापर्यंत सर्व्हरला हात लावायचा नाही.

गिरिधर मेमो घेऊन केबिनीत गेला. "दोष द्यायचा नाही म्हटलं होतं ना साहेब तुम्ही?"

"मी दोष कुठे देतोय काका? ही फक्त प्रोसेस आहे."

उन्हाळ्यात कूलरमध्ये मेलेली पाल आठ दिवसांनी सापडावी आणि वासाचा उलगडा व्हावा, तसं मला हे वाक्य ऐकून झालं.

पंधरा दिवस गिरिधर नुसता बसून होता. मग परवानगी परत मिळाली. महिन्याभरानं एका दवाखान्याची नोंदणी अर्धा तास बंद पडली. कृतीतली एक ओळ अदितीनं चुकवली होती. तिला ते माहीत होतं, आणि ती चूक शोधून काढणाऱ्या गिरिधरलाही. पुन्हा बैठक. पुन्हा "मोकळेपणानं सांगा."

अदितीनं खुर्ची मागे सरकवली.

"बस वं खाली," गिरिधर तिच्याकडे न बघता पुटपुटला.

"पण काका, मीच..."

"मले माहीत हाये. बस म्हणून राहिलो ना."

"मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत की."

"मंग? काय भेटलं मले, ते नाही पाहिलं का तुनं? अजून पक्की नाही झाली तू नोकरीत."

ती बसली.

"गिरिधर काका, तुम्हाला काही दिसलं?" विहंगनं विचारलं.

गिरिधरनं चष्मा काढून शर्टला पुसला. "नाही साहेब. मले काही दिसलं नाही."

अगदीच वाईट बोलला. सराव नव्हता, कान लाल झाले, आवाज चिरकला. विहंगला खरं वाटलं. बैठक चार मिनिटांत आटोपली आणि टीम आता परिपक्व झाल्याचं त्यानं मालकांना कळवलं.

जेवणाच्या सुट्टीत गिरिधरनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग अदितीजवळ बसून ती ओळ दुरुस्त करवून घेतली. काम चोख झालं. नोंदीत खाली बिघाडाच्या कारणाचा रकाना होता.

"इथे काय लिहू, काका?"

गिरिधरनं डबा पिशवीत ठेवला.

"लिही," तो म्हणाला, "आपोआप झालं."