पाण्याला जेवू घालणारे व्याही

अख्ख्या खान्देशात पाण्याला जेवू घालणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो आमचा व्याही होता. त्यांच्याविषयी लिहायचं मी चार वर्षं टाळत आलो. चार माणसांत विषय निघाला की "आमचे व्याही म्हणजे काय विचारता!" म्हणून मी दोन किस्से रंगवून सांगायचो आणि तिसरा गिळायचो. आज तो तिसरा सांगणार आहे. लेकीला राग येईल, जावयाला येईल, व्याहीणबाई कदाचित माझ्याशी बोलायच्या थांबतील. थांबू देत. धुळ्याच्या त्यांच्या कॉलनीत जे जे या माणसाला हसले त्यांनी हे मुद्दाम वाचावं, आणि हसणाऱ्यांत पहिला नंबर माझा होता हेही लक्षात ठेवावं.

व्याह्यांचं आयुष्य धुळ्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्यात गेलं. प्राध्यापक आले नि गेले, नळ्या धुणारे हे एकटेच राहिले, त्यामुळे कुठल्या नळीत काय घातलं की काय होतं हे त्यांना प्राध्यापकांपेक्षा जास्त कळायचं, फक्त विचारायचं कोणी नाही. निवृत्त झाले त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "आता मी काहीही धुणार नाही." दुसऱ्या दिवसापासून चहाचा कपही विसळला नाही. मी त्यांच्या अगदी उलटा. जळगावच्या डाळ मिलमध्ये माझी हयात डाळीला पॉलिश करून घेण्यात गेली. पोत्यात एक काळा दाणा दिसला तर अख्खं पोतं परत चाळायला लावायचो. अशा दोन माणसांची मुलं एकमेकांना पसंत पडली हा देवाचा विनोद. लग्नात मी रिवाजाप्रमाणे व्याह्यांना टॉवेल-टोपी द्यायला पुढं झालो, तर हे दोन पावलं मागं सरकले. "मी काय केलंय टोपी घ्यायला? पोरगी तुम्ही दिली, मान तुमचा," असं म्हणून त्यांनी ती टोपी भर मांडवात माझ्याच डोक्यावर ठेवली. मांडव हसला. मीही हसलो, पण ती टोपी माझ्या डोक्यात राहिली ती राहिलीच.

मासा त्यांना मोबाइलच्या दुकानात भेटला. काउंटरवर शोभेसाठी काचेचा गोळा ठेवला होता. त्यात दोन कप चहा मावेल एवढ्या पाण्यात एक निळा बेट्टा मासा, ज्याला दुकानदार फायटर म्हणतात, शेपटी अंगाशी मिटून बसला होता. दुकानदार म्हणाला, "काका, याला काही लागत नाही, एवढ्याशा पाण्यात राहतो." व्याही म्हणाले, "तुला त्या मोबाइलच्या खोक्यात कोंबलं तर तूही दोन दिवस राहशीलच." रिचार्ज करायला गेलेला माणूस मासा घेऊन घरी आला.

मग आली टाकी. वीस लिटरची, झाकणाची, कारण हा मासा उडी मारतो. तळाला वाळू, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर, मागं हीटर. टाकी भरली, दिवा लागला, कॉलनी बघायला आली आणि टाकीत मासाच नाही! मासा लोणच्याच्या मोठ्या बरणीत, रोज निम्मं पाणी बदलून मुक्कामाला ठेवलेला, आणि व्याही रोज सकाळी रिकाम्या टाकीत चिमूटभर माशाचं खाणं टाकतायत. लोकांनी विचारलं, मासा कुठाय? "अजून पाणी तयार नाही." व्याहीणबाई आतून ओरडल्या, "पानी तयार व्हवाले ती काय पुरनपोयी शे?" कॉलनीत त्या दिवसापासून त्यांचं नाव पाण्याला जेवू घालणारे नाना असं पडलं.

नाना मात्र ढिम्म. आलेल्या प्रत्येकाला चहा पाजून पाणी दाखवायचे आणि समजावायचे. माशाच्या घाणीचं पाण्यात विष होतं, ते विष खाऊन टाकणारे बारीक जीव त्या स्पंजात वस्तीला येतात, त्यांना यायला महिना-सव्वा महिना लागतो. ते आले की मगच मासा. "दुधाला विरजण लावल्यावर त्यात कोणी बोट घालतं का? आणि एकदा ते जीव आल्यावर स्पंज नळाखाली धुणं म्हणजे विरजणाचं भांडं घासून ठेवायचं आणि मग दही मागायचं." दर रविवारी गच्चीवर जाऊन परीक्षानळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब घालून पांढऱ्या कागदापुढं धरायचे आणि जिन्यातून ओरडायचे, "हिरवं!" म्हणजे विष अजून आहे. सहाव्या रविवारी "पिवळं!" असं ओरडले ते चौथ्या घरापर्यंत ऐकू गेलं. त्या दिवशी मासा टाकीत गेला आणि कॉलनीत पेढे वाटले गेले. लोकांनी पेढे खाल्ले आणि हसले.

त्या माशानं घरात जी बडदास्त भोगली ती माझ्या जावयानंही कधी आमच्याकडे भोगली नाही. धुळ्याची थंडी हाडं फोडणारी, तेव्हा हीटर माशाला. "मन्हा गुडघासले शेक नही, आन् मासाले हीटर," हे व्याहीणबाईंचं थंडीभरचं भजन. खाणं सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन, आणि सोमवारी उपास. त्या घरात सोमवार धरणारा मासा एकटाच. शोकेसच्या काचेत स्वतःचं रूप दिसलं की तो कल्ले फुगवून लढायला उठायचा, म्हणून त्या बाजूला वर्तमानपत्र चिकटवलेलं. "दिवसभर स्वतःशीच भांडायचं काम या घरात मी करतो, त्याला कशाला?" आठवड्यातून एकदा फक्त पाव भाग पाणी बदलायचं, तेही दोन दिवस बादलीत उघडं ठेवलेलं. सरकारी कचेरीच्या आवारात रानबदामाचं झाड होतं, त्याची लाल वाळकी पानं हे पिशवीत वेचून आणायचे. पहारेकऱ्यानं हटकलं तर म्हणाले, "घरी पेशंट आहे." ती पानं टाकीत सोडली की पाण्याला कोऱ्या चहाचा रंग यायचा, आणि मासा त्यात निळ्या शाईचा थेंब पडावा तसा शेपटी उलगडून फिरायचा. मला ते पाणी बघवत नसे. "नाना, गटार झालंय," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "आबा, तुमच्या डोळ्यांना पॉलिश झालंय."

आता तिसरा किस्सा. आमच्या आईचा दंडक होता, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मी सत्तरीतही तो पाळायचो. धुळ्याला जाताना जळगावहून पाण्याचा कॅन न्यायचो. व्याही विचारायचे, "काय हो, जळगावचं पाणी धुळ्याच्या पाण्याशी बोलत नाही का?" लेक बाळंतपणाला आमच्याकडे आलेली असताना व्याह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नाशिकला ठरलं. जावई आणि व्याहीणबाई बरोबर जाणार, घर रिकामं. शेजारी चार जण तयार होते, पण यांनी मला फोन केला. "आबा, तुम्हीच या. अडीच वर्षांत ज्यानं आमच्या पाण्याला हात लावला नाही, त्याच्याच हाती हे पाणी द्यायचं. बाकीचे सगळे हात घालतात." टाकीवर चिठ्ठी होती: दाणे, दिवा, सोमवारचा उपास, आणि खाली मोठ्या अक्षरांत, बाकी काहीही करू नका.

तीन दिवस मी काही केलं नाही. चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं. माणूस ऑपरेशन करून घरी येणार, लेकीचं घर, स्वच्छ दिसावं असं मनात आलं. एवढंच आलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. खरं सांगतो, ती टोपीही मनात आली. स्वच्छ पाण्यात मासा कसा दिसतो ते एकदा यांना दाखवूच, असं म्हणून मी पानं काढून केराच्या डब्यात टाकली, वाळू चोळून धुतली, तो तपकिरी स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला आणि सगळी टाकी त्याच नळानं काठोकाठ भरली. टाकी पॉलिश केलेल्या तूरडाळीसारखी झळकली. मी तिचा फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून फोन आला, नात झाली. आईचा दंडक सुटला होता. मी त्या घरचं पाणी आयुष्यात पहिल्यांदा पेल्यात घेतलं आणि पहिल्याच घोटाला नाकात नळाच्या पाण्यात घालतात त्या क्लोरिनच्या औषधाचा उग्र वास गेला. त्या घरचं पाणी मी कधी प्यालो असतो, तर नळाला पाणी येतं त्या दिवशी त्यात केवढं औषध असतं हे मला अडीच वर्षांपूर्वीच कळलं असतं. मी पेला तसाच ठेवून टाकीकडे गेलो. मासा कडेला तिरका होऊन पाण्याच्या वर तोंड काढत होता. शेपटी मिटलेली, काउंटरवरच्या त्या गोळ्यात होती तशी. आणि मी काय केलं? फोन केला नाही. केराच्या डब्यातून पानं काढली, झटकली आणि परत टाकीत सोडली.

संध्याकाळी व्याही आले ते डोळ्यांवर काळा चष्मा लावून. त्यांना सगळं जगच बदामाच्या पाण्यासारखं दिसत होतं. नात झाल्याचे पेढे एका हातात, दुसरा हात टाकीच्या काचेवर. "हात नाही ना लावला?" "छे हो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मासा तळाला मरून पडलेला होता. जावई म्हणाला, "नाना, किती वेळा सांगितलं, पाणी धूत जा." व्याह्यांनी चष्म्यासकट काचेला नाक लावून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी चुकनू, आबा. तुम्ही गटार म्हणायचे तेच खरं." आणि मी मान डोलावली.

एक वाक्य पुरलं असतं. त्या दिवशी टाकी उलटी होऊन गच्चीवर गेली. महिन्याभरानं जळगावला बारसं झालं. मी टॉवेल-टोपी घेऊन पुढं झालो, तर व्याह्यांनी मुकाट्यानं मान खाली केली. "सुधारले हो तुमचे व्याही," आमची माणसं म्हणाली. मी टोपी ठेवली. पुढं ते कोणाशीच वाद घालेनासे झाले. सांगितलं तर कपही विसळायचे. मी दर खेपेला एसटीत वाक्य पाठ करायचो. पारोळ्यापर्यंत ते तोंडपाठ असायचं, आणि धुळ्याच्या स्टँडवर उतरलो की मी केळीचे भाव बोलायला लागायचो.

गेल्या वर्षी मी जळगावला घरात टाकी लावली. सव्वा महिना पाण्याला जेवू घातलं. आमची कॉलनी हसली, हसा म्हटलं. मग लाल बेट्टा आणला. तो आजही त्या चहासारख्या पाण्यात शेपटी पसरून फिरतो आणि स्पंजाला मी नळ दाखवलेला नाही. हा पुरावा हातात होता. धुळ्याला फोन लावला, "नाना, मीही मासा पाळलाय." पलीकडून थकलेला आवाज आला, "धूत राहा, आबा. मन्हासारखं करू नका." मी "हो" म्हणालो. मासा नीट वर्षभर जगू दे, मग स्वतः जाऊन सांगू, असं ठरवलं. वर्ष व्हायला दोन महिने राहिले होते तेव्हा जावयाचा फोन आला. झोपेतच गेले.

दहाव्याला गच्चीवर गेलो तर टाकी तिथंच उलटी पडलेली, आणि आत तो स्पंज वाळून कडक झालेला. मी तो खिशात घालून आणलाय. लिहिताना समोर आहे. नाना, तुमचं पाणी बरोबर होतं. स्पंज मी धुतला.