कापडावरचा तळवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

ऐंशी सालाच्या आसपास खडेबाजारामागच्या बोळात माझं दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या स्पीकरच्या पेट्यांच्या दर्शनी फळ्या मी नव्यासारख्या करून द्यायचो. माझा हात चांगला आहे, असं लोक म्हणायचे.

जांबोटीकडचे एक आप्पा पेटी घेऊन आले. ओलीनं पुढची फळी फुगली होती, पापुद्रे सुटले होते. फळीवर ताणलेल्या कापडावर एका जागी काळपट, गुळगुळीत डाग. त्यांची बायको कानानं अधू होती. गाणं लागलं की तिथं तळवा टेकून बसायची — हातानं ऐकायची. ती वारली होती.

"माझं कधी ऐकली न्हाय, ह्या खोक्याचं तेवढं ऐकायची," आप्पा हसले. मग म्हणाले, "फळी बदल, काय बी कर. कापड तेवढं ऱ्हाऊ दे रं. तिचं दुसरं काय न्हाय माझ्याकडं."

मी व्हय म्हणालो.

कापड सरसानं चिकटवलेलं. सोडवायचं तर ओलं फडकं ठेवून दिवसभर थांबायचं. मला माहीत नव्हतं का? होतं. पण त्या दिवशी सिनेमाला जायचं होतं — हो, एवढंच कारण. पकडीनं ओढलं. कापड त्या डागातूनच टरकन फाटलं.

तेव्हाही सांगता आलं असतं. मी काय केलं? तसलंच कापड शोधलं, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं, नव्या फळीवर ताणून बसवलं. मग तळव्याला खोबरेल आणि काजळी लावून तो कापडावर घासत राहिलो. बाईचा हात लहान असणार म्हणून — बोटं आखडून घेतली.

आप्पा आले. डागावर हात ठेवून उभे राहिले. मी मान वर केली नाही. "लई जपलास रं," म्हणाले. पुढं गावभर माझं नाव सांगत राहिले. त्यांच्या शब्दावर गिऱ्हाईक आलं. मी ते घेतलं.

आप्पा वारल्यावर निपाणीला दिलेली त्यांची लेक आली. पेटी मोडीत निघाली होती, कापड तेवढं तिनं काढून आणलं होतं. "आईचा हात हाय ह्यात, अण्णा. काचेत बसवून द्या."

तेव्हा तरी? नाही. मी चौकट करून दिली.

तिनं ती देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. मुलं परीक्षेला निघाली की आजी म्हणून त्या काचेला हात लावून जातात. काचेमागं माझा तळवा आहे.