सेक्रेटरींचं पाखरू

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लोक देवाला घाबरत नसत तेवढे सेक्रेटरींना घाबरत. नाव कुणी घेतच नसे. मी तोंडावर आप्पा म्हणायची, मागे सेक्रेटरीच. जिन्याखाली वाहन लावायचं नाही म्हणजे नाही. सख्खा मेव्हणा जेवायला बसला होता, तर त्याला भरल्या ताटावरून उठवून स्कूटर बाहेर काढायला लावली या माणसाने! वर म्हणाले, "आता जेव सावकाश."

त्यांच्या बायकोला, माईंना, झाडांचं वेड. मनोरीच्या कुणा नातेवाइकाच्या बागेतून त्यांनी स्वर्गपक्षी नावाच्या फुलझाडाचा एक फुटवा आणला आणि आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावला. पानं कर्दळीसारखी, फूल म्हणजे केशरी तुरा आणि पुढे लांब चोच. वास नाही, देवाला चालत नाही, म्हणून आम्ही बायका नाकं मुरडायचो. माई हसायच्या. "माझं पाखरू आहे ते. फुललं की पहिलं खिडकीतून डोकावतं, आज भाजी काय म्हणून."

माई गेल्या आणि झाड सेक्रेटरींकडे आलं. रोज सकाळी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचे. एका चोचीतून एकामागून एक फुलं निघतात, पण कधी पुढचं आतच अडकतं. तेव्हा अंगठा ओला करून ते इतक्या हळूच वर काढायचे, की हाच माणूस वॉचमनवर ओरडतो यावर विश्वास बसू नये. मला एकदा म्हणाले, "ती करायची तसं करतो. मला काय कळतंय त्यातलं!"

त्या वर्षांत पाण्याने आमचा जीव काढला होता. नळाला करंगळीएवढी धार, त्यावरून भांडणं. जमिनीखाली टाकी हवी म्हणून सेक्रेटरींनीच महापालिकेत हेलपाटे घातले, शेवटी परवानगी मिळवली. कंत्राटदार आला, अंगण फिरून बघितलं आणि नेमका खिडकीखाली उभा राहिला. टाकी इथेच. मीटिंगमध्ये विषय निघाला. मीच म्हटलं, "आप्पा, पलीकडे खणूया ना. माईंचं झाड आहे ते."

"पलीकडे गटार आहे. गटाराशेजारी पोरांचं पिण्याचं पाणी साठवायचं? पुढचा विषय."

झाडाला तेव्हा कळ्या होत्या. मजुरांना हात लावू दिला नाही. स्वतः उकिडवे बसून लांबून माती मोकळी केली, मुळं गोणपाटात गुंडाळली आणि झाड फाटकाजवळ नेऊन लावलं. मुळं दुखावली की ही जात रुसते, दोन-दोन, तीन-तीन वर्षं फुलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कळ्या वाळल्या. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर रिकाम्या खिडकीकडे बघत म्हणाले, "तिला न विचारता हलवलं गो."

टाकी झाली, पाणी आलं. लगेच पाटी लागली : टाकीचं पाणी झाडांना घालू नये. आता याला काय म्हणायचं? अहो, निदान त्या एका झाडाला तरी! छे. आपल्या आंघोळीच्या वाट्यातलं तांब्याभर पाणी ते फाटकापर्यंत नेत. मग आम्ही बायकांनी डोकं चालवलं. तांदळाचं, डाळीचं धुवण त्यांच्या दारातल्या बादलीत गुपचूप ओतायला लागलो. पहिल्या दिवशी चिडून थेट मालवणीत गरजले, "ह्यां कोणी ओतलां हय?" कुणी ओ दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून विचारणं बंद झालं, आणि बादली रोज धुऊन जागेवर यायला लागली.

तिसऱ्या वर्षी ते हॉस्पिटलात असताना झाड फुललं. मी धावतच गेले. किती वाळले होते आप्पा! कानाशी वाकून सांगितलं, "पाखरू आलं."

त्यांनी डोळे उघडले. मग घाबरत घाबरत, हो, घाबरतच, त्यांनी विचारलं, "तोंड कुठे केलंय?"

चोच होती त्याच बाजूला, पण वर खिडकीकडे नाही, खाली टाकीच्या झाकणाकडे. खिडकीकडे म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण त्यांच्याशी खोटं बोलायची कुणाची छाती? "टाकीकडे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. कडेने पाणी ओघळलं, ते पुसलंही नाही. "म्हणजे बघितलं तिने, कशासाठी हलवलं ते," म्हणाले. मी त्यांचा हात धरून बसले. तो त्यांनी हळूच सोडवून घेतला.

"जा आता घरी. पाणी यायची वेळ झाली."

माझ्याशी ते बोलले ते एवढंच शेवटचं.