फोनवरची लेक

आई वरवट बकालला एकटी, मी पुण्याला. तिची शुगर वाढली तेव्हा मी मोबाईलवरून तब्येतीवर लक्ष ठेवणारी एक सेवा लावून दिली. दर गुरुवारी एक मुलगी व्हिडिओ कॉल करायची. काय खाल्लं, चाललात का, गोळ्या घेतल्या का, सगळं विचारायची. आईनं आधी नाक मुरडलं. पुढे त्या पोरीचा इतका लळा लागला की गुरुवारी माझा फोन उचलायला आईसाहेबांना सवड नसे. पोरगी 'नमस्कार आजी' म्हणायची, आई 'जयभीम माय' म्हणायची. नंतर नंतर पोरगीच आधी जयभीम करायला लागली. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायचं.

"पायाला जखम नाही ना?" हेही ती दर वेळी विचारायची. शुगर असली की पायाची जखम कशी चिघळते, ते तिनं आईला समजावलंही होतं. आई म्हणायची, "नाही वं माय, ठणठणीत हाये मी." आणि टाचेला चिंधी बांधून फिरायला जायची, कारण चालल्याचं ऐकून पोरगी खूश व्हायची. फोनात तोंड तेवढं दिसायचं. शेजारच्या काकूंना वास आला, तेव्हा कळलं. अकोल्याच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

मी भडकले. "तिला तरी सांगायचं ना! त्यासाठीच होती ना ती?"

"दूरच्या लेकीले असं सांगते का कोनी?" आई म्हणाली. "तिथं एकटी पोर. जिवाले घोर लावून घेईन."

आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीला दुखणं कळवत नाहीत. बरं झाल्यावर सांगतात. मलाही नेहमी तसंच कळत आलं. आईनं त्या पोरीला लेक मानलं आणि तिथंच घात झाला. परकी मानली असती तर पाय वाचला असता. हे मला अजून सहन होत नाही.

गुरुवारी दवाखान्यातच कॉल आला. आईनं पदर सारखा केला. फोन मी धरला होता.

"जयभीम आजी! फिरून आलात?"

"हो वं माय, आत्ताच आली."

"शाब्बास!"

मला ते ऐकवेना. मी फोन खाली वळवला, चादरीखाली पाय जिथं संपत होता तिकडे. पलीकडून हुंदका ऐकू आला.

आई माझ्यावर ओरडली, "काऊन दाखवलं तिले? आता घास उतरंन का पोरीच्या गळ्याखाली?"